बंदुकीच्या दारूसारखे कण

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कापून काढलेले एक पाऊल. वर्ष १८६० च्या आसपासचे. तळवा फुगून बाहेर आलेला, बोटे वर उचललेली, कातडीवर जागोजाग बोंडासारखे उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्याला एक छिद्र. हे पाऊल करवतीने उभे चिरले की आतली हाडे पोखरून मऊ झालेली दिसत. हाडांतून आणि मांसातून एकमेकांत उघडणारे बोगदे गेलेले असत, त्यांना आतून पातळ पापुद्र्याचे अस्तर असे आणि त्या बोगद्यांत काळे, खडबडीत कण ठासून भरलेले असत. काही रुग्णांच्या पावलांत कण काळे नसत, फिकट पिवळसर असत, माशाच्या गाबोळीसारखे. काळे कण मात्र पाहणाऱ्याला हमखास बंदुकीच्या दारूची आठवण करून देत, आणि त्या काळच्या वैद्यकीय वर्णनांत ही उपमा रूढच झाली. पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तो १८६९ साली. त्या वेळी या कणांचा माग काढणारे डॉक्टर कार्टर साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. मुंबईहून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाची आगगाडी खडकीवरूनच पुण्यात शिरते. कार्टर यांचा प्रश्न आणि खडकीच्या परिसरात पुढे शंभर वर्षांनी उभा राहिलेला प्रश्न यांचा सांधा मला नुसत्या भूगोलाचा वाटत नाही. शरीर आतून नासत चालले आहे, ते शरीराचे स्वतःचेच काही बिघडल्यामुळे, की बाहेरून कोणी आत शिरले आहे म्हणून, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहून द्यावे लागते, औषधाने आलेल्या उतारावरून ते देता येत नाही, असे या इतिहासातून मला दिसते.

हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एका वेगळ्याच कारणाने ठाऊक असायला हवे होते, पण सहसा नसते. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली. ग्रंथ गाजला, नाव ग्रे यांचे झाले आणि कार्टर त्याच वर्षी मुंबईला येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. चित्रकाराची नजर ते सोबत घेऊन आले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दक्षिणेतल्या मदुराईच्या दवाखान्यात १८४० च्या दशकातच या पायाची नोंद झाली होती आणि ‘मदुरा फूट’ हे नावही तिथलेच. परंतु तो पाय म्हणजे नक्की काय, याबद्दल एकमत नव्हते. कोणाला तो हत्तीरोग वाटे, कोणाला महारोगाचा प्रकार, कोणाला हाडाचा क्षय. बाहेरून पाहिले तर प्रत्येकाला आपापल्या मतापुरता पुरावा मिळत होता. कार्टर यांनी पाय चिरला, कण वेगळे काढले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि जे दिसले ते काढून ठेवले: एकमेकांत गुंतलेले तंतू, त्यांच्या टोकांना फुगीर पेशी. १८६० साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे त्यांनी सांगितले की हा बुरशीचा रोग आहे. पुढे ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच दिले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लंडनमध्ये छापला. मधली वर्षे त्यांनी साताऱ्यात काढली. दख्खनचा हा पट्टा अनवाणी शेतकऱ्यांचा आणि बाभळीच्या काट्यांचा. काट्याच्या टोचणीतून मातीतले बीज आत जाते आणि वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते, हे आज मान्य झाले आहे. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही, आणि येतो तेव्हा पाय वाचवण्याजोगा उरलेला नसतो.

कार्टर यांना विरोध झाला, आणि तो हलक्या माणसांकडून झाला नाही. कलकत्त्याचे टिमोथी लुइस आणि डेव्हिड डग्लस कनिंगहॅम हे त्या काळातले हिंदुस्थानातले उत्तम सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ. १८७५ साली त्यांनी याच रोगावर अहवाल लिहिला आणि उलट मत मांडले. बुरशी दिसते हे त्यांना मान्य होते. पण त्यांच्या मते आधी शरीरातल्या ऊतींचा, विशेषतः चरबीचा, ऱ्हास होतो आणि त्या बिघडलेल्या जागेवर तंतू मागाहून वाढतात. घर आधी पडते, मग त्यात वाळवी लागते, असा तो युक्तिवाद. त्यांच्या बाजूने एक भक्कम गोष्टही होती. मुंबईत कापलेल्या पायांच्या तुकड्यांवर एक गुलाबी बुरशी उगवली होती. इंग्लंडचे बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी तिला कार्टर यांच्या नावावरून ‘कायोनायफी कार्टेरी’ असे नाव दिले आणि हीच रोगाची जननी असे काही काळ मानले गेले. ती नव्हती. ती हवेतून येऊन नमुन्यावर बसलेली उपरी बुरशी होती. म्हणजे बुरशी दिसली एवढ्याने ती दोषी ठरत नाही, हा लुइस आणि कनिंगहॅम यांचा मूळ आक्षेप खरा होता, आणि तो आजही खरा आहे. आपल्या नाकात, कातडीवर, श्वासनलिकेत बुरशीची बीजे येत-जात असतात. त्यातले एखादे प्रयोगशाळेत वाढले म्हणजे रोग सापडला असे नव्हे.

तरीही निकाल कार्टर यांच्या बाजूने लागला. तो कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. बर्कलींची गुलाबी बुरशी नमुन्याच्या पृष्ठभागावर होती. कार्टर यांच्या चित्रांतले तंतू हाडाच्या आतल्या बंद पोकळीत होते, कणाच्या गाभ्यात होते, आणि त्यांच्याभोवती शरीराने दाह उभा केला होता. उपरा पाहुणा आणि घर बळकावून बसलेला यांतला फरक जागेवरून आणि भोवतालच्या प्रतिक्रियेवरून कळतो. पुढे १८९८ साली बॉस्टनमध्ये जेम्स होमर राइट यांनी काळ्या कणांतून बुरशी प्रत्यक्ष वाढवून दाखवली आणि १९०५ साली एमिल ब्रंप्ट यांनी तिला ‘मदुरेला’ हे कुलनाम दिले. फिकट कणांचा उलगडा वेगळाच निघाला. त्यातले बरेच कण बुरशीचे नव्हते, तंतूंसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचे होते. कार्टर यांनी काळा आणि फिकट असे दोन प्रकार काटेकोर वेगळे नोंदवले होते, त्यामुळे मागाहून आलेल्यांना ही चूक दुरुस्त करता आली. जिवाणूंच्या फिकट प्रकाराला प्रतिजैविके लागू पडतात, काळ्याला बुरशीनाशक लागते आणि तेही पुरते पडत नाही. पाय तोच, सूज तीच. रुग्णाचे भवितव्य कणाच्या रंगावर आणि तंतूच्या जाडीवर अवलंबून.

इथवरचा वाद जुन्या भाषेतला होता. ‘ऊतींचा ऱ्हास’ या शब्दांच्या जागी विसाव्या शतकात अधिक धारदार कल्पना आली. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटू शकते, ही ती कल्पना. पॉल एर्लिख यांना शतकाच्या सुरुवातीला ती निसर्गविरुद्ध वाटली होती. १९५६ पर्यंत थायरॉइडच्या रोगाने तिला ठोस पुरावा दिला होता. त्याआधी, १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी लूपस या स्वयंप्रतिकार रोगाच्या रुग्णांमध्ये एक खास पेशी वर्णन केली, त्यामुळे लूपसला प्रयोगशाळेतली खूण मिळाली. आणि सप्टेंबरमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्णेला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइडने असंख्य माणसांचे मूत्रपिंड, डोळे आणि सांधे वाचवले आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु निदानशास्त्रात १९४८ पासूनच एक सापळा तयार झाला. स्टेरॉइड दाह शमवते, दाह कशामुळे आला हे ते विचारत नाही. बुरशीने आलेली लाली, सूज, ताप, सांधेदुखी हीसुद्धा काही दिवस ओसरते. डॉक्टर म्हणतात निदान बरोबर होते, रुग्ण म्हणतो गुण आला, आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. गुण येणे हा पुरावा मानण्याची सवय तिथून लागली.

अशी गल्लत होण्याच्या जागा थोड्याथोडक्या नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सान होकिन खोऱ्यातल्या एका बुरशीरोगाला लोक ‘वाळवंटी संधिवात’ म्हणत, कारण त्यात सांधे धरतात आणि पायांवर लाल दुखऱ्या गाठी येतात. हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीरोगात छातीतल्या गाठी वाढतात, तोंडात व्रण पडतात, ताप येत राहतो. तो क्षय वाटतो किंवा सार्कॉइडोसिस, आणि सार्कॉइडोसिसचे औषध पुन्हा स्टेरॉइडच. सॅम्युअल डार्लिंग यांनी १९०५-०६ मध्ये पनामात तो शवविच्छेदनात शोधला तेव्हा त्यांना तो काळा-आजारासारख्या परजीवीचा वाटला होता. ती बुरशी आहे हे पुढे इतरांनी दाखवले, पण डार्लिंग यांच्या काचपट्ट्या होत्या म्हणूनच ते दाखवता आले. नाकाच्या पोकळ्या आणि फुप्फुस पोखरणारा एक रक्तवाहिन्यांचा स्वयंप्रतिकार रोग आहे. बुरशीही तीच जागा तशीच पोखरते. पायावर वेगाने पसरणारा, जांभळ्या कडांचा व्रण स्वयंप्रतिकाराचा म्हणून स्टेरॉइडखाली जातो आणि कधी तो काट्यातून शिरलेल्या स्पोरोथ्रिक्स बुरशीचा निघतो. काटा पुन्हा आलाच.

आता खडकीकडे. खडकी स्थानकावरून लोकल दापोडी, कासारवाडी करत पिंपरीला पोचते. तिथे १९५४ साली केंद्र सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळात जगभर प्रतिजैविकांचा शोध मातीत चालू होता. पिंपरीच्या संशोधकांनीही आपल्या पायाखालची माती तपासली. एम. जे. तिरुमलाचार हे मुळात बुरशीचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून १९६१ साली बुरशीनाशक औषध वेगळे केले. जिवाणूला गावावरून ‘पिंप्रिना’ हे नाव मिळाले आणि औषधाला कारखान्यावरून ‘हमायसिन’. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी निस्टॅटिन शोधून दहाएक वर्षेच झाली होती, अँफोटेरिसिन नुकतेच बाजारात आले होते. पुण्याजवळच्या माळावर त्याच जातकुळीचे औषध निघावे, ही या भागाच्या इतिहासातली जपून ठेवावी अशी घटना आहे. हमायसिन मुख्यतः बाहेरून लावण्यापुरते राहिले, कारण तोंडावाटे दिल्यास ते रक्तात पुरेसे पोचत नाही. पण या टप्प्यानंतर चुकीच्या निदानाची किंमत बदलली. कार्टर यांच्या हाती पाय कापण्यावाचून काही नव्हते. बुरशी ओळखली काय आणि न ओळखली काय, रुग्णाला फारसा फरक पडत नव्हता. औषध हाती आल्यावर मात्र न ओळखणे हा रुग्णाचा प्रत्यक्ष तोटा झाला.

आणि नेमक्या त्याच दशकांत उलटी गोष्टही घडत होती. १९५२ पासून स्टेरॉइड मलमात आले, पुढे अधिकाधिक तीव्र होत गेले. १९६८ साली आयव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘टिनिया इनकॉग्निटो’ असे वर्णन छापले. वेषांतर केलेला नायटा, असे त्याला आपण म्हणू. नायट्याची ओळख असते ती त्याच्या गोल, खवलेदार, उंच कडेमुळे. मलमाने कड पुसट होते, खवले जातात, खाज थांबते आणि डाग पसरतच जातो. तोच नायटा चेहऱ्यावर असेल आणि उन्हात गेल्यावर लाल होत असेल तर तो लूपसच्या चट्ट्यासारखा दिसतो. गाल, नाक, उन्हाचा त्रास आणि बाई तरुण, एवढ्यावर निदान करण्याचा मोह मोठा असतो. आपल्याकडे यात भर पडली ती दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांची. एकाच नळीत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक. गेल्या दशकात देशभर हट्टी नायट्याची जी लाट आली, तिला हा वापर एकटा कारण नसला तरी मोठे कारण आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०१८ साली केंद्राने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत घातली. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव दिले. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणजे आता नुसती बुरशी ओळखून भागत नाही, कोणती बुरशी हेही विचारावे लागते.

या साऱ्यावर व्यवहारी डॉक्टरांचा एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. लूपसने मूत्रपिंड निकामी होत असेल, रक्तवाहिन्यांच्या दाहाने फुप्फुसात रक्तस्राव होत असेल, तर बुरशीची वाढ होईपर्यंत तीन-चार आठवडे थांबायचे का? थांबायचे नाही. पण वाढ होणे ही एक गोष्ट आणि पाहणे ही दुसरी. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने खरवड घ्यायची, काचपट्टीवर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, कातडीच्या पेशी विरघळेपर्यंत थोडे थांबायचे आणि भिंगाखाली पाहायचे. कातडीच्या विरलेल्या चौकटीवरून आरपार जाणारा, गाठीगाठींचा, फांद्या फुटलेला तंतू दिसला की प्रश्न मिटला. याला दहा-वीस मिनिटे लागतात आणि खर्च नगण्य येतो. वेषांतर केलेल्या नायट्यात तर स्टेरॉइडमुळे तंतू अधिकच सापडतात. आतल्या अवयवांसाठी तुकडा काढावा लागतो, पण तो स्टेरॉइडच्या पहिल्या मात्रेआधी काढून ठेवता येतो आणि रोगनिदान विभागाला ‘बुरशीचे रंजन करा’ असे लिहून देता येते. हे लिहिले नाही तर नेहमीच्या रंगात बुरशी सहज निसटते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर उपचार सुरू करावेत, पण नमुना हाती ठेवून. लुइस आणि कनिंगहॅम यांना उत्तर देणे शक्य झाले ते कार्टर यांनी नमुने आणि चित्रे जपली म्हणून. औषध सुरू झाल्यावर गेलेला पुरावा परत येत नाही.

दुसरा आक्षेप असा की रक्ताच्या तपासण्या असताना भिंगाचा आग्रह जुनाट आहे. रक्तात स्वयंप्रतिकाराच्या खुणा आहेत, मग अजून काय हवे? इथे थोडे सावध राहिले पाहिजे. आमवाताचा म्हणून ओळखला जाणारा र्‍हूमॅटॉइड फॅक्टर दीर्घकाळ चाललेल्या संसर्गातही वाढतो. लूपससाठी पाहिली जाणारी केंद्रकविरोधी प्रतिद्रव्ये काही निरोगी माणसांतही थोड्या प्रमाणात सापडतात. या चाचण्या संशयाला दिशा देतात, संसर्ग नाही असे त्या सांगत नाहीत. उलट बाजूनेही तेवढेच खरे आहे. एक खरवड रिकामी निघाली म्हणजे बुरशी नाही असे होत नाही, आणि थुंकीत एखादी बुरशी वाढली म्हणजे फुप्फुसाचा रोग तिचाच असेही नाही. शिवाय एकाच माणसात दोन्ही असू शकतात: लूपस खरा, त्यावर स्टेरॉइड योग्य, आणि त्या स्टेरॉइडच्या आडोशाने शिरलेली बुरशीही खरी. लूपसचा रुग्ण पुन्हा तापाने फणफणतो तेव्हा रोग उसळला म्हणून मात्रा वाढवायची, की नवा संसर्ग शोधायचा, हा सर्वांत अवघड प्रसंग. मागचे निदान बरोबर होते, म्हणून आजच्या तापाचेही कारण तेच असेल असे धरून चालता येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या भागातून येतो: इथे क्षय एवढा आहे की प्रत्येक गाठ क्षयाची धरून उपचार केले तर बहुतेक वेळा बरोबर ठरते, मग दुर्मीळ बुरशी शोधत कोण बसणार? संख्येच्या हिशेबाने हे खरे आहे. पण बुरशी दुर्मीळ आहे की दुर्मीळपणे पाहिली जाते, हे न पाहता कसे ठरवायचे? मायसेटोमा मुंबईत आणि साताऱ्यात कार्टर यांच्या आधीही होताच, तो फक्त इतर नावांखाली मोजला जात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत तो आला २०१६ साली, कार्टर यांच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मात्र महाराष्ट्राला बुरशी पाहावीच लागली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडने जीव वाचत होते. पण अनेकदा ते गरज नसताना, जास्त दिवस, आटोक्याबाहेर गेलेल्या मधुमेहावर दिले जात होते. गाल दुखणे, डोळा सुजणे, टाळूवर काळा डाग पडणे ही लक्षणे घेऊन माणसे पुण्या-मुंबईच्या कान-नाक-घशाच्या विभागांत येऊ लागली. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर फिरत होते. मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस हा साथरोग कायद्याखाली नोंदणीय करायला सांगितले. तो कायदा १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्कारबरो इथे कार्टर वारले. त्या मे महिन्यात डॉक्टर नाकातल्या काळ्या खपलीची खरवड काचपट्टीवर घेत होते, पोटॅशचा थेंब टाकत होते, आणि तासाभरात भिंगाखाली रुंद, रिबिनीसारखे, काटकोनात फुटलेले तंतू दिसले की शस्त्रक्रियेची तयारी सुरू होत होती.